फोनमध्ये आलेली बस

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या एका मावशीवर अन्याय झाला. गेल्या होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी. त्या दिवशी पार्ल्याला जाणारी बस कुणालाही न सांगता बंद केली. ही मावशी पार्ल्यात, आमच्या गल्लीत म्हावरं विकायची. मासळीच्या भावावरून माझ्या आईशी कडकडून भांडायची आणि मग तिच्याच हातचा चहा प्यायची.

त्या आठवड्यात मी 'कार कमी, बस जास्त' अशी पत्रकं वाटत वर्सोव्यात फिरत होतो. स्टॉपवर मावशी दिसली, पायाशी टोपली.

"मावशी, ही बस बंद झालीय गं."

"गप रे! सून बोलली, फोनमध्ये दिसते. तूच बघ."

बघितलं. खरंच, नकाशावर निळा ठिपका सरकत होता. दोन मिनिटं. एक मिनिट. आली. मावशीने हात दाखवला. समोरून काचा बंद केलेली एक कार गेली, बस. म्हणजे फक्त कार. ठिपका आमच्या अंगावरून पुढे सरकला आणि पार्ल्याकडे वळला.

मावशी हसली. "भूत बसलंय तुझ्या फोनात. तिकीट पण फाडंल!"

मग रिक्षा. पहिली थांबलीच नाही. दुसरीवाल्याने टोपली बघितली, "सीट को बास आयेगा," म्हणाला आणि सुटला. बर्फाचं पाणी टोपलीतून रस्त्यावर गळत होतं. मावशीचं हसू गेलं. "चार दिस नाय गेली ना, तर गिऱ्हाईक तुटतं रे. एकदा तुटलं की परत नाय येत."

तसंच झालं. आता ती वर्सोव्यातच बाजाराच्या टोकाला बसते, तिच्यासारख्याच दहाजणींच्या गर्दीत. आमच्याकडे मासे डब्यात बंद होऊन येतात. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या बसने जाणाऱ्यांनी कार घेतल्या. आई अजून सकाळी मध्येच गॅस बारीक करून मावशीच्या हाकेसाठी कान देते. खाली फक्त हॉर्न.

आम्ही बसच्या कार्यालयात तक्रार केली. उत्तर मिळालं, त्या मार्गावर प्रवासी नाहीत.

मग मावशी कोण होती?

ठिपका अजून पुसलेला नाही. मी कधीकधी उघडून बघतो. आमच्या नाक्यावर तो थांबतो, जरा वेळ घेतो, जणू कुणीतरी जड टोपली चढवतंय, आणि निघतो.

तुम्ही, हो तुम्हीच. उद्या कार खालीच राहू दे. तुमच्या भागातली जी बस बंद पाडलीय, तिच्या स्टॉपवर जाऊन उभे राहा, शेजाऱ्यांनाही ओढून आणा. आणि प्रवासी नाहीत असं पुन्हा कुणाला म्हणू देऊ नका.