चेकिंगमावशी आणि दाण्यांची बरणी

१९ ऑगस्ट. अर्धा किलो दाणे भाजले, सालं पाखडली, गुळाबरोबर मिक्सरमधून काढले आणि लाडू वळायला बसले. आमच्या घरात हे काम सात वर्षं बंद होतं. ते बंद पाडणाऱ्या बाईंबद्दल लिहायचं तर सुरुवात त्यांच्या नाकापासून करायला हवी.

मावशी आमच्याकडे पोळीभाजीला होत्या. दारातून कुणीही आत आलं की त्या कणकेचे हात तसेच पुढे करून म्हणत, "हात दाखवा." मग पाहुण्याचा तळवा नाकाशी नेऊन वास घेत. दाण्याचा वास आला की थेट बेसिन. माझी नणंद एकदा त्र्यंबकेश्वरहून प्रसाद घेऊन आली, तर तिलाही परत फिरवलं. "देवाचा हाय म्हणून काय झालं? दाणा तो दाणाच." नणंद आठ महिने आमच्याकडे जेवली नाही. सोसायटीतली पोरं त्यांना चेकिंगमावशी म्हणत.

याचं कारण असं. माझी मुलगी ईरा दीड वर्षाची असताना मावशींनी तिला लाडानं गूळ-कुटाचं बोट चाटवलं. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, श्वास घुरघुरायला लागला. रिक्षा करून दवाखान्यात पोचलो म्हणून निभावलं. दाण्याची अॅलर्जी आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. मावशींना कुणी एक शब्द बोललं नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःही दाणा तोंडात घातला नाही. सोमवारच्या उपासाला नुसतं केळं खात. गल्लीतल्या चिक्कीवाल्यांकडचं कामही सोडलं. मी वेड्यात काढलं तर म्हणाल्या, "तिकडून हात घेऊन हितंच येते ना मी?"

ईराची दर वर्षी तपासणी व्हायची. साडेआठ वर्षांची झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "काही मुलांची ही अॅलर्जी वाढत्या वयात आपोआप जाते. सगळ्यांची जात नाही. हिची गेली असावी असं दिसतंय, पण घरी खायला घालून बघायचं नाही." मग दवाखान्यात दिवसभर बसवून त्यांनी आधी कणभर, मग चिमूटभर, मग चमचाभर असं दिलं. काही झालं नाही. मी सुटकेचा श्वास घेतला, तर डॉक्टरांनी पुढचं काम लावलं: आता आठवड्यातून दोन-तीनदा दाणे पोटात गेलेच पाहिजेत, खंड पडला तर अॅलर्जी परत येऊ शकते.

हे मी मावशींना तीनदा समजावलं. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली. मी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मालाची प्रत तपासते, सकाळी आठला घर सोडते. दर रविवारी मी दाणे भाजून बरणी भरून ठेवायची, त्यांचं कूट मावशींनी ईराच्या भाजीत घालायचं; शनिवारपर्यंत बरणी रिकामी व्हायची. मी खूष होते. खालच्या मजल्यावरच्या काकू कबुतरांच्या नावानं ओरडत होत्या, तिकडे मी लक्ष दिलं नाही.

एका दुपारी वीज गेली म्हणून पॅकहाऊस लवकर सुटलं. घरी आले तर मावशी गॅलरीत उभ्या होत्या आणि हात लागू नये म्हणून चमच्यानं, माझे भाजलेले दाणे कबुतरांना घालत होत्या. दोन महिने भाजीत कुटाऐवजी तीळ पडत होते. ईराला माहीत होतं. "मला तीळच आवडतात," म्हणाली कार्टी. दिवसभर मी द्राक्षाच्या मण्यावरचा डाग शोधते आणि माझ्याच स्वयंपाकघरात मला हे दिसलं नाही!

"मावशी, डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

"डॉक्टरनं तिचे ओठ बघितले नव्हते, ताई. मी बघितले. या हातानं परत नाय द्यायची."

"पोरीची अॅलर्जी गेली. तुमची कधी जाणार?"

"मग दुसरी बाई बघा," म्हणाल्या, आणि पिशवी उचलून निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी येवल्याला लेकीचं घर गाठलं. मला पुन्हा रजा टाकावी लागली, कारण एवढ्या खंडानंतर घरी काही द्यायचं नाही, तपासायला परत आणा, असं डॉक्टरांनी बजावलं. तो दिवस मी घड्याळाकडे आणि ईराच्या ओठांकडे बघत काढला. पोरगी पुन्हा पास झाली. त्यानंतर रोज रात्री मीच तिच्या ताटात कूट वाढते.

काल मावशींच्या लेकीचा फोन आला. "आई अजून दाणा खात नाय. आता तर घरात आणूबी देत नाय." म्हणून हे लाडू.

२० ऑगस्ट. सकाळी ईराला घेऊन मी येवल्याची पहिली एसटी पकडली. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी ईराचा हात ओढून नाकाशी नेला.

"दाण्याचा वास येतोय."

"येणारच. गाडीत एक लाडू खाल्लाय," ईरा म्हणाली आणि डब्यातला दुसरा काढून तिनं त्यांच्यासमोर अर्धा खाल्ला.

मावशींनी तिला समोर बसवलं आणि तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही. लेकीनं दिलेला चहा निवला. अकराची परतीची गाडी गेली. मी चिडले. तासाभरानं मावशींनी ईराच्या हातातला उरलेला अर्धा लाडू घेतला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

"ताई," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दाणे कच्चे राहिलेत."