यादय्या युनियनवाले आणि आमचे साहेब

पोस्टात किस्से फार साठतात. खेड्यातला प्रत्येक माणूस पोस्टमनला थांबवून काहीतरी सांगतो आणि पोस्टमन ते येऊन आम्हाला सांगतो. मी चिक्कडपल्लीत राहते आणि रोज बसने शहराबाहेरच्या एका छोट्या पोस्टात जाते. तिथे मी क्लार्क आहे. घरी मराठी, ऑफिसात तेलुगू, बसमध्ये दखनी. आई म्हणते, "तू भांडतेस कोणत्या भाषेत, तेच कळत नाही."

आमच्याकडे खेड्यांत टपाल वाटणाऱ्या डाक सेवकांची युनियन म्हणजे यादय्या. तीस वर्षं सायकल चालवून उजवा गुडघा कामातून गेलेला, पण मीटिंगमध्ये तिसऱ्या मिनिटाला उभे राहणार. दोन वर्षांपूर्वी रघुराम साहेब इन्स्पेक्टर म्हणून आले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "युनियन आणि मॅनेजमेंटनं मिळून काम करायचं."

यादय्यांनी मला हळूच विचारलं, "अम्मा, सारांची तब्येत बरी आहे ना?"

*

साहेबांनी सगळ्यात आधी ऑफिसच्या दाराशी एक पेटी लावली. डाक सेवकांनी आपल्या अडचणी लिहून तिच्यात टाकायच्या. रंग म्हणून स्टोअरमध्ये उरलेला लाल लावला.

महिन्याने साहेबांनी सगळ्यांसमोर ती उघडली. आत अडचण एकही नव्हती. दोन लग्नपत्रिका होत्या, नोकरीचा एक अर्ज होता, आणि कोणीतरी निजामाबादच्या बहिणीला पाठवलेली राखी होती. रक्षाबंधन होऊन गेलं होतं.

यादय्या म्हणाले, "सार, पेटी चांगली चाललीय. आता रोज उघडायला एक माणूस द्या."

*

मग मोबाईलचं आलं. पार्सल दिलं की घेणाऱ्याची सही तिथल्या तिथे फोनवर घ्यायची. पण शंकरम्माच्या गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर मिळतं. शंकरम्मा म्हणजे आमची सगळ्यात धाकटी डाक सेवक. ती सात पायऱ्या चढायची, लोक खाली रांग लावायचे.

पार्सल घरपोच मिळत नाही, अशी तक्रार आली. साहेब स्वतः गेले. रांगेतल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "इथे काय आहे?"

"पोस्ट," म्हातारा म्हणाला. "तुम्ही मागे उभे राहा."

साहेब वीस मिनिटं रांगेत उभे होते. शंकरम्माने वरूनच विचारलं, "सार, तुमचं नाव काय लिहू?"

*

खरी खडाजंगी झाली ती यादय्यांच्या बीटवरून, म्हणजे त्यांच्या वाटपाच्या गावांवरून. चार तासांत पाच गावं होत नाहीत, गुडघा साथ देत नाही, असं ते म्हणत. साहेब नकाशा दाखवत. "नऊच किलोमीटर आहे."

"मग उद्या तुम्ही जा सार. मी तुमच्या खुर्चीत बसतो."

मला वाटलं, आता मेमो निघणार. साहेब म्हणाले, "हौ. सायकलची चावी द्या."

सकाळी आठला गेलेले साहेब साडेपाचला आले. शर्ट बाहेर, कॅरियरला दुधीभोपळा. एका घरी कोर्टाची नोटीस वाचून दाखवली, दुसऱ्या घरी फॉर्म भरला, तिसऱ्या घरच्या आजीने जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाकावर बसून म्हणाले, "रस्ता नऊच किलोमीटर आहे. पण प्रत्येक घरी बसावं लागतं."

साहेबांच्या खुर्चीत यादय्या कान चोळत होते. वरच्या तीन ऑफिसांनी एकच माहिती दिवसभरात अकरा वेळा फोनवर मागितली होती. "सार, माझा गुडघाच गेलाय. तुम्ही तर रोज हे ऐकता."

त्या संध्याकाळी दोघांनी एका टेबलाशी बसून बीटचा रिपोर्ट केला. यादय्या सांगत होते, साहेब लिहीत होते, मी टाईप करत होते. दोन महिन्यांनी बीटमधली दोन गावं दुसऱ्या माणसाकडे गेली.

*

या वर्षी साहेबांची बदली झाली. कुणकुण सगळ्यांनाच होती. ऑर्डर रजिस्टर्ड पत्राने आली आणि त्या दिवशी पोस्टाच्या गावातलं टपाल यादय्यांकडे होतं. पत्र हातात घेऊन ते साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले. मग वळून माझ्याकडे आले, माझं पेन घेतलं, पाकिटावर लिहिलं, "घर बंद. घेणारा गावी नाही," आणि पाकीट परत आणून साहेबांच्याच पुढ्यात ठेवलं.

असा शेरा आला की पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं; त्याआधी खरंखोटं बघणं हे इन्स्पेक्टरचं काम असतं.

साहेबांनी चष्मा लावला. पाकीट उलटसुलट करून पाहिलं. यादय्यांकडे पाहिलं. मग खाली लिहिलं, "तपासलं. बरोबर आहे," आणि सही केली.