बोरिवलीची परवानगी

माझा सख्खा थोरला भाऊ एकदा माझ्याच घरी महिनाभर परदेशी नागरिक म्हणून राहिला. तो ठरलेल्या पत्त्यावर राहील, अशी लेखी हमी मी दिली होती. अंधेरीला पूर्वेकडे एका वाडीत आमच्या दोन खोल्या होत्या. पन्नास साल उलटून चारेक वर्षं झाली असतील. नक्की साल सांगता येईल, कागद आहेत माझ्याकडे, पण उठून काढावेसे वाटत नाहीत.

दादा विसाव्या वर्षी कराचीला गेला, बंदराच्या कचेरीत कारकून म्हणून. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. कोकणात जावं तसं बोटीत बसायचं आणि उतरायचं. तिथे मराठी वस्ती होती, गणपती बसायचा, मराठी शाळा होती. फाळणी झाली तेव्हा बरेच लोक निघून आले. दादाची नोकरी पक्की होती आणि वहिनी बाळंतीण होती. तो म्हणाला, जरा निवळू दे, मग येतो. निवळता निवळता पासपोर्ट सुरू झाले, आणि त्याला मिळाला तो तिकडचा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी त्याला पत्रात लिहिलं होतं. त्याने उलट पत्रात फक्त अण्णांची तब्येत विचारली.

अण्णा म्हणजे आमचे वडील. ते माझ्याकडे असायचे. त्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला तेव्हा मी दादाला कळवलं आणि त्याने व्हिसासाठी अर्ज केला. कुठे राहणार, कुठे कुठे जाणार, हे अर्जात लिहायचं होतं. त्याने मला विचारलं आणि मी उलट टपाली कळवलं, अंधेरी, मुंबई. व्हिसा यायला पाच महिने लागले. दरम्यान डॉक्टरांनी हवापालट सुचवला म्हणून अण्णांना आम्ही बोरिवलीला अक्काकडे, म्हणजे आमच्या बहिणीकडे हलवलं. तिच्या घराला ओटा होता, मागे आंब्याची दोन झाडं होती. अण्णांचा पत्ता बदलला, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांचं रेशनकार्ड अंधेरीला, ट्रंक अंधेरीला, पत्रं अंधेरीला. लेकीकडे गेलेला बाप म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. त्याचा कसला पत्ता बदलतोय?

पण बोरिवली तेव्हा मुंबईत धरत नसत. ती ठाणे जिल्ह्यात होती. अंधेरीपासून पाचवं स्टेशन, पण हद्द दुसरी.

दादा उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोलीस ठाण्यात नोंद करायला गेलो. चोवीस तासांच्या आत जावं लागे. फौजदार तरुण होता, नीटनेटका, बोलायला सभ्य. त्याने दादाचा पासपोर्ट पाहिला, माझं हमीपत्र पाहिलं आणि विचारलं, "येण्याचं कारण?"

"वडील आजारी आहेत," दादा म्हणाला.

"कुठे असतात?"

"बोरिवलीला."

फौजदाराने टाक खाली ठेवला. "मग तुम्ही अंधेरीला कशाला आलात?"

अंधेरीचा पत्ता मीच कळवला होता. दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागलं. फौजदाराने सांगितलं की ठाण्याला जिल्हा कचेरीत अर्ज करा, तिथून परवानगी आली की खुशाल जा. दहा-बारा दिवस लागतील. तोवर मुंबईची हद्द सोडायची नाही. अण्णांनाच इकडे आणावं म्हटलं तर डॉक्टरांनी त्यांना खाटेवरून हलवू नका म्हणून बजावलं होतं. मी तिथेच बसून अर्ज लिहिला. अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरला नसता.

घरात आम्ही दोघे भाऊच होतो. माझी बायको अण्णांचं करायला अक्काकडे जाऊन राहिली होती. मी सकाळी ऑफिसला जायचो, दादा पिठलं-भात करून ठेवायचा. संध्याकाळी एक दिवसाआड मी परस्पर बोरिवलीला जाऊन यायचो. घरी आलो की तो विचारायचा, आज काय खाल्लं? मी सांगायचो, पेज. मग तो विचारायचा, खाट कुठल्या भिंतीला आहे? उजेड कुठून येतो? दाढी कोण करतं? एकदा मी चिडून म्हणालो, "मी काय खोलीची मोजमापं घ्यायला जातो का रे?" दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, उशी एक घेतात की दोन? मी दोन म्हणून सांगितलं. खरं तर मी पाहिलंच नव्हतं.

जुहूला जायला त्याला मनाई नव्हती. तिथे आमचं कोणी नव्हतं. तरी तो दोनदा जाऊन आला. काय पाहिलंस विचारलं तर म्हणाला, "पाणी."

दर तीन-चार दिवसांनी हवालदार यायचा. हा परदेशी माणूस दिल्या पत्त्यावर आहे की नाही ते बघायचं, वहीवर सही घ्यायची आणि जायचं. पन्नाशीचा, मालवणकडचा माणूस होता. पहिल्या वेळी त्याने शेजारच्या काकूंना साक्षीला बोलावलं आणि विचारलं, ह्या इसमाला ओळखता काय? काकू म्हणाल्या, "ओळखते म्हणजे? मुंजीत ह्याला मी मांडीवर घेतलाय." हवालदाराने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढे पुढे तो वही बाजूला ठेवून दादाशी गप्पा मारू लागला. कराचीला मासे कुठले मिळतात, बांगडा असतो काय, नारळ कसा. दादा त्याला वेलची घालून चहा करून द्यायचा. मी मात्र तो आला की दार लोटून घ्यायचो. लोक काय ते बघत होतेच.

माझी नोकरी सरकारी कचेरीत होती. सात वर्षं मी हंगामी होतो. कायम होण्याचे कागद त्याच महिन्यात वर गेले होते. एक दिवस आमचे हेडक्लार्क पानाची डबी उघडत म्हणाले, "पाकिस्तानचा पाहुणा आहे म्हणे तुमच्याकडे?" मी म्हणालो, भाऊ आहे. ते म्हणाले, "असू दे, असू दे. आपलं सहज विचारलं." त्या दिवसापासून मला दोन घास धड गेले नाहीत. हमीपत्रातलं वाक्य मला पाठ झालं होतं. सदर इसमाने अटींचा भंग केल्यास मी जबाबदार राहीन. खाली माझी सही, त्याखाली माझ्या कचेरीचं नाव.

बारा दिवसांचे वीस झाले. ठाण्याहून काही आलं नाही.

मग तो रविवार. सकाळी आठच्या सुमाराला अक्काचे यजमान आले. दारातूनच म्हणाले, "अण्णांनी पहाटेपासून डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, दिवस निघेल असं वाटत नाही. दोघंही चला." ते पाणीही न पिता परत गेले. दादाने कोट चढवला. मी म्हणालो, "थांब. आधी पोलीस ठाण्यात विचारून येतो." तो कोट घालून खाटेवर बसला.

फौजदाराने सगळं ऐकून घेतलं. ठाणे जिल्ह्याचं ऑफिस आज बंद, मी माझ्या अधिकारात दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ देऊ शकत नाही, वाईट वाटतं, म्हणाला. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मी बाहेर आलो. पायऱ्या उतरत होतो तोच हवालदार मागून आला आणि माझ्या बरोबरीने फाटकापर्यंत चालला. खालच्या आवाजात म्हणाला, "बापूस तो. भावाक घेवन जावा. आज मी तुमच्याकडे येवचंय नाय. उद्या सकाळी येतंय. सकाळी घरात असले म्हणजे झाला."

मी म्हणालो, "आणि कुणी विचारलं तर?"

"कोण इचारतलो? मीच इचारणारो."

तो आत गेला. पोलीस ठाण्यापासून आमच्या वाडीपर्यंत वीस मिनिटांची वाट होती. त्या वीस मिनिटांत मी अण्णांचा विचार केला नाही आणि दादाचाही केला नाही. मी हेडक्लार्कांच्या पानाच्या डबीचा विचार केला. बोरिवली स्टेशनवर आमच्या कचेरीतला कोणी भेटला तर, अक्काच्या शेजारी कोणी बोललं तर, हवालदाराची उद्या ड्यूटी बदलली तर. मला भीती वाटत होती. दुसरं काही वाटत होतं असं आता उगाच सांगू नये.

दादा तसाच बसला होता. मी म्हणालो, "परवानगी नाही."

"काहीच नाही?"

"नाही. ऑफिस बंद आहे."

त्याने मान हलवली. कोट काढला, घडी घातली. "तू जा," म्हणाला. "उशीर करू नकोस." थोड्या वेळाने म्हणाला, "पाय चेपून दे त्यांचे. माझ्या वाटचे."

मी एकटाच आलो तेव्हा अक्काने माझ्या मागे दाराकडे पाहिलं. मी तिलाही तेच सांगितलं, परवानगी नाही. दुसऱ्यांदा सांगताना जड गेलं नाही. अण्णांचे पाय मी चेपले. गार होते. खाट पूर्वेच्या भिंतीला होती, उशी एकच होती. दुपारी तीनच्या सुमाराला अण्णा गेले. जाताना शुद्धीवर नव्हते, त्यांनी कोणाचंही नाव घेतलं नाही. यावर मी पुढे बरीच वर्षं समाधान मानत आलो.

बापाला अग्नी थोरल्याने द्यायचा. भटजींनी विचारलं, थोरले कुठे आहेत? अक्काचे यजमान म्हणाले, परदेशात. भटजी म्हणाले, मग धाकट्याने द्यायला हरकत नाही, शास्त्रात सोय आहे. माझं डोकं भादरलं, खांद्यावर मडकं दिलं. लोक सांगतील तसा मी फिरलो, सांगतील तिथे उभा राहिलो. रडू आलं नाही. अक्का मला म्हणाली, "तू तरी होतास." मला ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने मी अंधेरीला आलो. दहा दिवसांचे कपडे न्यायचे होते आणि दादाला सांगायचं होतं. दार उघडंच होतं. दादाने माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि सांगायचं काही उरलं नाही. तो उठला, मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्याच अंगाने पंचा गुंडाळून येऊन बसला. "किती वाजता?" विचारलं. मी सांगितलं. "त्रास झाला का?" नाही म्हणालो. त्याच्याजवळ बसलो होतो तरी मला त्याची कीव आली नाही, स्वतःची लाजही वाटली नाही. ऊन कुठपर्यंत आलंय ते मी बघत होतो.

नऊच्या सुमाराला हवालदार आला. माझं मुंडण पाहून त्याने टोपी काढली. उंबऱ्यातच उभा राहिला आणि हात जोडले. मग त्याची नजर दादाकडे गेली. दादाच्या डोक्यावर सगळे केस होते, ओले आणि नीट मागे सारलेले.

"तुमी अग्नी दिलात नाय?" त्याने दादाला विचारलं. "थोरले ना तुमी?"

दादा म्हणाला, "परवानगी नव्हती ना."

हवालदार माझ्याकडे वळला. "म्हंजे? मी सांगितलेलंय ना तुमका. घेवन जावा म्हणान. फाटकापाशी."

खोटं बोलायला वेळ होता, विसरलो म्हणता आलं असतं. तेही सुचलं नाही. हवालदाराने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्याने वही उघडली, खाली मान घालून तारीख लिहिली आणि दादापुढे धरली. दादाने सही केली. नेहमीसारखी, सावकाश, पूर्ण नावाची. हवालदार चहाला थांबला नाही.

तो फाटकाबाहेर जाईपर्यंत दादा त्याच्याकडे बघत होता. मग मला म्हणाला, "तुझं ते कायम व्हायचं होतं. झालं का रे?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं.

"नाही अजून," मी म्हणालो.

"होईल," तो म्हणाला. त्याने सदरा घातला, चपला पायात सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे डोकं भादरायला एकटाच गेला. मी येऊ का, असं मी विचारलं नाही.