घोडीची जागा

गल्लीत त्याला सगळे कवळीवाले म्हणत. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे त्याच्याकडे पाठवत आणि त्याच्या एका खोलीच्या कारखान्यातून दात परत जात. ज्यांच्यासाठी तो आयुष्यभर खपला, त्या माणसांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्यांची तोंडं तेवढी फळीवर ओळीने मांडलेली असत. प्लास्टरची, उघडी, कुणीतरी मधेच गप्प केल्यासारखी.

दात घासायची मोटर दिवसभर चाले. तिची बारीक शीळ तीस वर्षं ऐकून त्याच्या कानांनी वरच्या पट्टीतले आवाज सोडून दिले. कानाच्या डॉक्टरांनी डोक्यावर दोन डबे चढवून सांगितलं होतं, आवाज आला की बटण दाबा. तो बटणावर अंगठा ठेवून बसला. बराच वेळ बसला. शेवटी डॉक्टरांनीच खांद्यावर हात ठेवला. "संपलं. काढा आता."

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाले?"

"मळ होता. काढला."

त्याच वर्षी तिने मँडोलिन आणलं. दुकानातलं सगळ्यात स्वस्त, शिकाऊ लोकांसाठी असतं ते. ती हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. वाफेने बोटांची टोकं मऊ पडत आणि संध्याकाळी तारा त्यात रुतत. तरी ती रोज वाजवायची आणि वाजवून झालं की विचारायची, "कसं झालं?"

खालच्या, जाड तारा त्याला ऐकू येत. वरच्या दोन जोड्यांची म्हणजे नुसती नखीची टिकटिक. पण तिचा चेहरा त्याला दिसायचा. भुवई आखडली की तो म्हणे, "मधे एकदा अडखळलीस." ती चकित व्हायची. "बाई गं, तुमचे कान आहेत का काय आहेत!" एरवी तो म्हणे, "छान." दोन वर्षं असं चाललं. खोटं बोलतोय असं त्याला वाटेनासंही झालं होतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत सातजणांचा वाद्यवृंद जमायचा. त्यांच्या मास्तरांना सगळे टकटक मास्तर म्हणत, कारण ते तर्जनीने टेबल ठोकून ताल धरत आणि घरीही जेवताना ठोकत असत, असं त्यांची सूनच सांगे. आवाज खर्जातला, कपाटातून आल्यासारखा. शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात पहिला कार्यक्रम होता. शेवटच्या तालमीत मास्तरांनी तिच्या तारांवर पंजा ठेवून सगळ्यांदेखत वाजवणं थांबवलं.

"बाई, या चाव्या आहेत की बाटलीची बुचं? लावता काय नि उतरतं काय! शनिवारी वाद्य लागलेलं नसेल तर समोरच्या खुर्चीत बसा. ऐकायलाही कुणीतरी लागतंच."

ही गोष्ट तिने जेवताना मास्तरांची नक्कल करून, हसत हसत सांगितली. हसली, आणि ताटातलं तसंच ठेवून उठली.

त्याने दुसऱ्याच दिवशी नवं सामान आणलं: तारा पिळायच्या दातेरी चाव्या, तारांचा नवा संच, शेपटाकडे तारा अडकवायची जाड पितळी पट्टी, आणि शिसवी लाकडाची घोडी. घोडी म्हणजे वाद्याच्या पोटावरचा तो उभा तुकडा, ज्याच्यावर तारा टेकतात. जुनी घोडी कसल्यातरी हलक्या लाकडाची होती.

"कार्यक्रम होऊन जाऊ दे," ती म्हणाली. "आत्ता हात लावू नका, अहो. माझा जीव आधीच टांगलाय."

"बघू," तो म्हणाला. त्याच्या तोंडी बघू म्हणजे ठरलं.

शनिवारी ती सकाळच्या पाळीला गेली आणि तो मँडोलिन घेऊन कारखान्यात आला. तिला घरी यायला दुपार होणार होती. तेवढ्यात होऊन जाईल, असा त्याचा हिशेब. टेबल पुसलं, दिवा खाली ओढला, आठही तारा सैल करून काढल्या. शेवटची तार सुटली तशी घोडी टुपकन आडवी पडली. बरं झालं, तो मनात म्हणाला, उकरावी लागली नाही. मग त्याने सवयीने स्पिरिटचा बोळा घेऊन पोटावरची सगळी धूळ साफ केली. चकचकीत.

आणि बोळा हातात धरूनच तो थांबला.

घोडी चिकटवलेली नव्हतीच. ती तारांच्या दाबाने तेवढी उभी होती. तिच्या पायांभोवती धुळीची एक बारीक कड होती, जागेची तेवढीच खूण. ती आता बोळ्यावर होती. त्याने वाद्य दिव्याखाली तिरपं धरून पाहिलं. काही नाही. कुठेही ठेवली असती तरी पोट तसंच गुळगुळीत दिसलं असतं.

घाबरला की तो काम करायचा. त्याने चाव्या हातात घेतल्या. नव्या चाव्यांच्या स्क्रूंची भोकं जुन्यांशी जुळेनात, केसाएवढा फरक. त्याने जुनी भोकं बुजवली, मोटरला बारीक सुई लावून नवी पाडली. पट्टी बसवली. मग घोडी. वाद्याचं पोट फुगीर, घोडीचे पाय सपाट. टाळूवर कवळी बसवावी तसंच हे. त्याने दात चावून बघायचा निळा कागद पोटावर ठेवला, त्यावर घोडी दाबली. जिथे निळं उमटलं तेवढंच घासलं. पुन्हा दाबली, पुन्हा घासलं. शेवटी दोन्ही पाय सबंध निळे उमटले आणि मधून उजेडाची फटही दिसेना. इतका चांगला बसलेला पाय त्या वाद्याने जन्मात पाहिला नसेल. पण तो कुठे बसवायचा?

भिंतीवरचा फोन वाजला. दातांचे डॉक्टर होते.

"खालची कवळी आज मिळेल ना? म्हातारे उपाशी बसलेत हो."

"सोमवारी."

"काय सोमवारी? तुम्हीच म्हणालात—"

"सोमवारी," म्हणून त्याने फोन ठेवला. तीस वर्षांत पहिल्यांदा दिलेला वार चुकला.

मापाने काहीतरी निघेल म्हणून त्याने वरच्या टोकापासून मानेवर आडव्या बसवलेल्या पडद्यांतल्या बाराव्यापर्यंत मोजलं आणि तेवढंच पुढे धरून घोडी ठेवली. तारा चढवल्या. मास्तरांनी सुराचा एक लोखंडी चिमटा सगळ्यांना दिला होता, तो गुडघ्यावर ठोकून कानाशी नेला. काही नाही. दाताला लावला तेव्हा जबड्यात नुसतं थरथरलं. वरची तार छेडली. टिक. पडदा दाबून छेडली. टिक. दोन टिकांत फरक असतोच कुठे? जाड तारांवरून त्याला एवढंच कळलं की काहीतरी वाकडं आहे. कुणीकडे वाकडं, ते कळेना. त्याने घोडी जरा मागे ढकलली, मग पुढे, मग पुन्हा मागे. आता मापाची जागाही गेली.

दार उघडलं तेव्हा त्याला ते ऐकू आलं नाही. टेबलावर सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं. ती धोबीखान्याच्या निळ्या झग्यातच होती.

"घरी नाही दिसलं, तेव्हाच म्हटलं..." तिची नजर जुन्या चाव्यांच्या ढिगावर गेली. "अहो, मी नको म्हटलं होतं ना?"

"झालंय सगळं. चाव्या बघ, लोण्यासारख्या फिरतात."

तिने वाद्य उचललं, तारा सुरात लावल्या, एक सूर पडदा दाबून वाजवला आणि हातातच धरून राहिली. "हे काय केलंत? वर जावं तसं बेसूर होतंय सगळं. तुम्हाला ऐकू नाही का येत?"

लोक रागात सहज विचारतात तसंच तिने विचारलं होतं. फळीवरची तोंडं उघडीच होती. नाही येत असं म्हणावं, तर दोन वर्षांच्या संध्याकाळी जातात. येतं म्हणावं, तर आजची जाते.

"नाही येत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"वरच्या तारा नाही येत. मळ नव्हता. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं."

ती स्टुलावर बसली. झग्याची गुंडी पिळत राहिली. "मग रोज छान कशाला म्हणायचात?"

"तुझ्या तोंडाकडे बघून."

"आणि अडखळलीस म्हणायचात ते?"

"तेही."

"मी मूर्ख तुम्हाला ऐकवायला म्हणून..." झग्याच्या बाहीने तिने नाक पुसलं. त्याने हात पुढे केला तशी ती उठली. "आता एक अक्षर बोलू नका. घोडी धरा."

तिने कान पोटाजवळ नेला. तारेच्या मधोमध बोट नुसतं टेकवून छेडलं, मग तिथेच पडदा दाबून छेडलं. "दाबलं की चढतंय. मागे घ्या." त्याने घेतली. "एवढी नव्हे! नखभर. तुमच्या नव्हे, माझ्या." पुन्हा तार. "पुढे. अजून. थांबा, आता हलवू नका." तिच्या कपाळावर घाम होता, भुवई आखडलेली होती, आणि त्याला पहिल्यांदाच त्या भुवईवरून काही ओळखता येत नव्हतं. ती बोलेल तसं तो बोटं हलवत होता. मोटर बंद होती. शेवटी ती म्हणाली, "सोडा."

कपडे बदलून दोघं सभागृहाकडे निघाली तेव्हा ती दोन पावलं पुढे चालत होती.

वादकांच्या खुर्च्या व्यासपीठावर होत्या. तो पहिल्या रांगेत बसला. टकटक मास्तर एकेकाच्या वाद्याला कान लावत पुढे सरकत होते. अकॉर्डियनवालीला त्यांनी नुसतीच मान डोलावली. त्याच्या बायकोपाशी आले आणि थांबले. खर्जातला आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

"नव्या तारा? आज?"

तिचे ओठ हलले.

"वेड्या आहात का हो? नवी तार ताणत राहते. एक गत वाजवलीत की उतरणार. मग काय कराल?"

ओठ हलले. तिने चावी पिळल्यासारखी बोटं फिरवून दाखवली. तिच्या मानेची शीर दिसत होती.

तारांचं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. जागा धरायला त्या खुर्चीवर ठेवलेला आपला रुमाल त्याने उचलून खिशात घातला, मग पुन्हा ठेवला.

"आणि लोक काय तोवर बसून राहतील?" मास्तर म्हणाले.

ती या वेळी जरा जास्त वेळ बोलली. हात मँडोलिनच्या मानेवर घट्ट होता. अकॉर्डियनवाली हसली. मास्तरांनी भुवया वर केल्या, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग ते पुढच्या वादकाकडे सरकले. ती होती तिथेच बसून राहिली. तो कितीतरी वेळ खात्री करत होता की ती उठत नाही.

पहिली गत झाली. टाळ्या त्याला नीट ऐकू आल्या. त्या थांबल्या आणि मास्तरांचं बोट पुढच्या गतीसाठी वर गेलं, तेव्हा तिने डावा हात उंच केला. थांबा.

सगळे थांबले. तिने मान खाली घातली, कान लाकडाला लावला, एक चावी किंचित फिरवली, छेडलं, दुसरी फिरवली. कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेत खुर्ची करकरली आणि गप्प झाली. अकॉर्डियनवालीने भाता पोटाशी आवळून धरला होता. इतकी माणसं त्या बाईच्या कानाची वाट बघत होती. ती कुणाकडेच बघत नव्हती, त्याच्याकडे तर नाहीच. तिने तिसरी चावी फिरवली. पुन्हा छेडलं. मास्तरांचं बोट हवेत तसंच होतं, आणि तिने मान वर करेपर्यंत ते खाली आलं नाही.