बाबांच्या खिळ्यावर माझा कोट

मंडळी, आज लॅबमध्ये जमलं! रेणूला हायड्रोजन जोडायचा, तर आजवर हायड्रोजनच्या सिलिंडरचा धाक असायचा, वर उत्प्रेरक म्हणून महागडं पॅलेडियम. आज साधं अल्कोहोल आणि चिमूटभर मँगनीजचं संयुग. अल्कोहोलनं आपला हायड्रोजन दिला, मँगनीजनं तो रेणूतल्या हव्या त्याच बंधावर नेऊन बसवला. शेजारच्या बंधाला धक्काही नाही.

आनंदात लॅबचा कोट काढायचंही विसरले आणि तशीच बसनं चिखल्याला घरी आले. (हो, कोट घालून बाहेर पडायचं नसतं, माहीत आहे.)

आई दारातच होती.

"आई, आज मँगनीजनं काम केलं!"

"मंग तो कोट भायेर खिळ्यावर टांग. मँगनीज घरात नोको आणू."

बाबा मँगनीजच्या खाणीतून आले की रोज हेच ऐकायचे. काळा सदरा खिळ्यावर, मग आंघोळ, मगच मला कडेवर घेणं. तेवढ्या वेळापुरता मला मँगनीजचा भारी राग यायचा.

बाबा गेल्यापासून खिळा रिकामाच होता. मी कोट टांगला.

"पाह्य ना आई, पांढराच आहे. एक बी डाग नाही."

"दिसून राहिलं मले," ती म्हणाली. "पण राहू दे तठीच."