होडी विकून घेतलेली गाडी

माझे सासरे धर्माबाबा यांनी जन्मभर रेवदंड्याच्या खाडीत होडी हाकली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी ती मुरुडच्या एकाला विकली आणि आलेले पैसे माझ्यापुढे ठेवून म्हणाले, रिक्षावाल्यांच्या विनवण्या करत बसू नको, गाडी घे. मी नागावच्या होमस्टेवाल्यांना मासळीचं जेवण पोचवते. जुनीच का होईना, पण गाडी आली. ती गेली तर होडीही फुकट गेली, हे आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि ऐन हंगामात त्याच गाडीनं आवाज काढायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर दाबला की खालून धाडधाड, पाय काढला की गप्प. गतिरोधक ओलांडून जरा वेग घ्यावा, तर मागचे डबेसुद्धा नाचायला लागायचे. गॅरेजात नेऊन उभी केली की मात्र अशी शहाण्यासारखी वागायची की मीच खोटी पडायचे.

मग काय, गावात जो तो डॉक्टर झाला. शेजारचा चंदर म्हणाला, पेट्रोलात भेसळ आहे, पंप बदल. माझा नवरा प्रज्योत उरणला ट्रेलर चालवतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. तो मला फोन बॉनेटजवळ धरायला लावायचा, तिकडून ऐकायचा आणि निदान एकच, तू क्लच नीट सोडत नाहीस. ट्रेलर चालवणाऱ्याला बायकोच्या पायाचं सगळं कळतं म्हणे. मी फोन ठेवून द्यायचे. शेवटी तोच म्हणाला, डोक्याला ताप नको, येईल त्या किमतीला विकून टाक. हे तो स्पीकरवर बोलला, आणि बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. ते उठून अंगणात गेले.

गॅरेजवाला कुलदीप तर महा आरामात. पहिल्यांदा म्हणाला सायलेन्सर सैल आहे, आणि पट्टी आवळून दिली. आवाज होताच. मग म्हणाला प्लग खराब. प्लग बदलले, आवाज होताच. तिसऱ्यांदा म्हणाला, ताई, मासळीचा वास येतो गाडीला, आधी धुऊन आणा. मी म्हटलं, मासळीच नेते रे बाबा, मोगरा नेत नाही. त्या दिवशी माझी सहनशक्ती संपली. त्याला बॉनेट उघडून समोर उभं केलं, मी आत बसले, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि क्लच जरासा सोडून ॲक्सिलरेटर दाबला. बघ म्हटलं, आता तरी डोळे उघडून बघ.

अख्खं इंजिन जागेवरून उसळलं आणि आपटलं. कुलदीपचा चेहराच बदलला. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं ती माउंटिंगं गेली होती. गाडी वर उचलून खाली शिरल्यावर त्यानं एक रबर बोटानं दाबून दाखवलं. ते भिजवलेल्या पावासारखं फुगलं होतं. आणि खालचा सगळा पत्रा, नळ्या, नटबोल्ट तेलानं चकचकत होते. कुलदीपनं बोट नाकाशी नेलं आणि मला विचारलं, हे माशाचं तेल कोणी फासलंय?

मला विचारायची गरजच नव्हती. दरवर्षी नारळी पौर्णिमेआधी बाबा होडीला माशाचं तेल द्यायचे. फळीन् फळी, सांधान् सांधा, खाऱ्या पाण्यानं लाकूड खाऊ नये म्हणून. त्या दिवसांत घरात नाक धरून वावरावं लागे आणि त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, कारण ते उत्तरच देत नसत. सासूबाई गेल्या त्या वर्षीही तेल चुकलं नव्हतं. होडी गेल्यापासून मात्र हा माणूस नुसता ओट्यावर बसून असायचा. मी दुपारी पाठ टेकली की तो ब्रश घेऊन माझ्या गाडीखाली शिरत होता, आणि मासळीच्या वासाच्या गाडीत आणखी थोडा वास मला कसा कळणार. मी तर गाडी पुन्हा पुन्हा घासून काढत होते.

कपाळावर हात मारून घेतला मी. घरी पोचेपर्यंत जिभेवर सगळं तयार होतं, आणि उंबरा ओलांडायच्या आधीच सुरू झाले. गाडी काय होडी आहे का, विचारायचं तरी एकदा, हंगाम बुडाला असता माझा, तेलानं रबर सडतं एवढंही कळू नये का. माझा दम संपल्यावर बाबांनी आपले दोन्ही तळवे बघितले, आणि मग म्हणाले, "म्हंजे दोन्ही माझ्याच हातानं गेल्या."

मग मी जरा जोरातच म्हटलं की गेलेली नाही, कुलदीप नवी माउंटिंगं बसवतोय, परवा मिळेल. त्यांना ते खरं वाटेना. मला समजवायला म्हणतेस, म्हणाले. मग म्हणाले, खारं वारं लोखंडाला खातं, मला भ्या वाटत होतं.

वारं तर खातंच, ते काही चुकीचं बोलत नव्हते. मी म्हटलं, "तेल नाही लावायचं. रोज गोड्या पाण्यानं खालून धुवायची. ते तुम्ही करा."

"रोज?"

"रोज," मी म्हटलं. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि पाण्याचा पाइप शोधायला मागच्या दारी गेले. गाडी अजून गॅरेजातच होती. मला रडू आलं, आणि त्याचाही भयंकर राग आला.