डब्याच्या आतली रेघ

पोट चिरलेल्या बाईला दूध उतरत नाही, हे मला पहिल्या दोन दिवसांत चार जणींनी सांगितलं. चौघींतली एकही डॉक्टर नव्हती. पण तिसरा दिवस मावळला तरी माझी छाती कोरडीच, तेव्हा डॉक्टरपेक्षा मला त्या चौघीच खऱ्या वाटायला लागल्या.

भोपाळमधल्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपच्या इस्पितळातल्या खाटेवर मी पडून होते. टाके ओढत होते, कुशीवर वळायलाही कुणाचा तरी हात लागायचा. बाळ जवळ घेतलं की ते दोन मिनिटं ओढायचं आणि चिडून तोंड फिरवायचं. मग नर्स वाटी-चमच्याने त्याला डब्याचं दूध पाजायची. तो डबा नवऱ्याने महाराणा प्रताप नगरातल्या दुकानातून आणला होता. प्रत्येक चमच्यागणिक मला वाटायचं, मी नापास होतेय. नर्स म्हणायची, "बच्चे को लगाती रहो, आ जाएगा." चौथ्या दिवशी संध्याकाळी आलं. इतकं आलं की झंपर बदलावा लागला. मी रडले आणि त्याच बैठकीत ठरवलं की आता याच्या पोटात माझ्या दुधाशिवाय दुसरं काही जाणार नाही. त्या चौघींना मला दाखवून द्यायचं होतं. स्वतःलाही दाखवून द्यायचं होतं, हे कळायला वेळ लागला.

माझी आई नेमकी तेव्हा पुण्यात पडून हात मोडून बसली होती. म्हणून सव्वा महिना काढायला सासूबाई आल्या. सासरे सरकारी नोकरीत नागपूरहून भोपाळला आलेले आणि इथलेच झालेले. त्यांचं घर शहरातच, तुलसी नगरात. आमचं तोवर बरं होतं. सणावारी जायचं, जेवायचं, डबे भरून परत यायचं. एका छपराखाली सलग आठ दिवसही आम्ही कधी राहिलो नव्हतो.

माझा स्वभाव मुळात संशयी, आणि त्यात नोकरी तशीच मिळालेली. कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासून घ्यायचं माझं काम. तांब्याची तार, इन्सुलेशनचा कागद, नट-बोल्ट. माल आला की आधी त्यात खोट आहे असं धरून चालायचं आणि मग ती शोधायची. नमुना फारच चांगला निघाला तर आम्ही दुसरं खोकं उघडायला लावायचो, कारण पुरवठादार चांगला माल नेहमी वर ठेवतो. दहा वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊन तरी वेगळं काय करणार?

इस्पितळातून घरी आल्याच्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तो डबा टाकून द्या. घरात नकोच." त्या "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "टाकलात ना?"

"टाकला की," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर लोणच्याच्या बरणीमागे डबा. फडक्याने पुसून, झाकण घट्ट लावून, नीट ठेवलेला. सासूबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी ताकास तूर लागू दिली नाही. झाकण उघडलं, पावडर हलवून सपाट केली आणि ती जिथवर होती तिथे आतून पेन्सिलीने बारीक रेघ मारली. मग डबा होता तसा ठेवून दिला. पाठीत कळ आली होती, पण काम पक्कं झालं होतं.

तीन दिवसांनी पावडर रेघेच्या बोटभर खाली होती.

मी नवऱ्याला सांगितलं. तो इंजिनिअर माणूस, घरातल्या बायकांच्या यंत्रणेत हात घालायला घाबरायचा. "आईलाच विचार ना सरळ," तो म्हणाला. मी विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो. मी दुसरी रेघ मारली.

आता मला सगळंच दिसायला लागलं. बाळ मध्येच तीन तास झोपलं की मी त्याचं तोंड हुंगायची. सासूबाईंच्या पदरावर एकदा पांढरा ठिपका दिसला. अंघोळीला मला अर्धा तास लागायचा, टाके सांभाळत स्टुलावर बसून करायची ना. तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात चमचा वाजायचा. आणि नेमकी दुसरी रेघ मारल्यापासून दोनच दिवसांनी शेजारीण रोज त्याच वेळेला येऊन बसायला लागली. शेजारच्या क्वार्टरमधली, एका टेक्निशियनची बायको, विणकाम घेऊन यायची. "भाभी, आप आराम से नहा लो, हम बैठे हैं," असं म्हणायची. माझ्या अंघोळीची तिला एवढी काळजी का, ते मला तेव्हाच कळलं. एक पाजणार आणि एक दारावर नजर ठेवणार.

सासूबाईंचं बाकी वागणंही मला ठीक वाटेना. बाळाला खेळवायला त्या माझ्याच खोलीत यायच्या, माझ्यासमोर पाय पसरून बसायच्या, त्याला पायांवर घ्यायच्या आणि थोड्या वेळाने परत माझ्याजवळ आणून ठेवायच्या. मला वाटायचं, माझ्यावर पाळत ठेवायला येतात. मी पाजायला घेतलं की त्या विचारायच्या, "ओढून राहिला का नीट?" त्या प्रश्नात मला ऐकू यायचं ते असं, की तुझं दूध पुरून राहिलं का त्याला? मी तोंडावर "हो" म्हणायची आणि मनात त्यांना पाण्यात पाहायची.

आणि खायला मात्र त्या प्रेमाने घालायच्या, हे मी नाकारत नाही. रोज सकाळी अंघोळ झाली की अळिवाची खीर. भरपूर दुधातली, दाट, वाटी तिरकी केली तरी सांडणार नाही अशी. मी दोन वाट्या खायची. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मला खाऊ घालतात, असं म्हणत खायची.

तिसऱ्या आठवड्यात बाळाला वजनाला नेलं. नर्सने काटा पाहिला आणि हसली. "बहुत बढ़िया. माँ का दूध लग रहा है इसको." नवरा खूष. सासूबाईंनी नर्सच्या देखतच त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी एकटी काट्याकडे पाहत होते. वजन फार चांगलं होतं. इतकं चांगलं वजन एकट्या माझ्याच्याने होईल, यावर माझा विश्वास बसत नव्हता. वरचा नमुना फार चांगला आला होता आणि खालचं खोकं मी आत रेघा मारून पाहत होते. त्या दिवशी डब्यात सहावी रेघ होती आणि पावडर तिच्याही खाली गेली होती.

घरी येताना रिक्षात मी बाळाकडे पाहिलं. गाल भरले होते, मनगटाला वळी पडली होती. आनंद व्हायला हवा होता. मला वाटत होतं, यातलं माझं किती?

त्याच दुपारी डबा उचलून मी लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. संध्याकाळी सासूबाईंनी लोणच्याची बरणी सरकवली, मागे पाहिलं, बरणी परत जागेवर ठेवली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी दाराच्या चौकटीत उभी राहून हे पाहत होते, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून खीर पातळ झाली. अळीव तळाशी आणि वर पाणचट दूध. मी मनात म्हटलं, घ्या, आता हे सुरू झालं. डबा काढून घेतला तर माझ्या पोटावर राग काढतात. त्या वाटी पुढे करताना म्हणाल्या, "दूध कमी पडून राहिलं डेअरीच्या कार्डावरचं. पाहुणे येतात, चहात जातं." मला तीही थाप वाटली. मी ती पातळ खीर हट्टाने खाल्ली, शेपूची भाजी खाल्ली, बाजरीची भाकरी खाल्ली, आणि बाळाने तोंड हलवलं की त्याला लावलं. शेजारीण येतच होती. मी अंघोळ दहा मिनिटांत उरकायला लागले, ओल्या केसांनी बाहेर यायची. दरवेळी तेच दृश्य. बाळ पाळण्यात, शेजारीण पाळण्याजवळ विणत बसलेली आणि सासूबाई गॅसपाशी.

दोन आठवडे असे गेले. मला आतून भीती वाटत होती. आता वजन घटलं, तर मी हरले. त्या चौघी खऱ्या, सासूबाईही खऱ्या, आणि मुलाला उपाशी ठेवलं ते मी. वजनाचा दिवस आला. नर्सने बाळाला काट्यावर ठेवलं. मी काट्याकडे न बघता नर्सच्या तोंडाकडे बघत राहिले.

वजन तितकंच वाढलं होतं. आधीच्या दोन आठवड्यांत जितकं, जवळजवळ तितकंच. मी नर्सला बाळ पुन्हा काट्यावर ठेवायला लावलं. दुसऱ्यांदाही तोच आकडा. मग मी तिथे बाकावर बसून रडले, नवरा रुमाल शोधत राहिला. माझंच होतं. पहिल्यापासून सगळं माझंच होतं. गाल, वळी, सगळं. इतकी खूष मी त्या सबंध बाळंतपणात झाले नव्हते.

आणि रिक्षात बसल्यावर डोकं परत चालू झालं. डबा नव्हता तरी वजन तेवढंच. म्हणजे डबा होता तेव्हाही त्याच्या पोटात काही जात नव्हतं. मग सहा रेघांची पावडर गेली कुठे?

घरी आल्यावर मी कपाट उघडलं आणि डबा सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्या मेथी निवडत होत्या.

"आई, हे कुठे जात होतं?"

"तुझ्या खिरीत," त्या म्हणाल्या. हातातली जुडी खाली ठेवलीसुद्धा नाही.

मी झाकण उघडून आतल्या रेघा पाहिल्या.

"उघडलेला डबा. चांगलं दूध. टाकून कसं द्यायचं बाप्पा? माझा हात नाही झाला. आणि दूध पुरत नव्हतं, तुला तर दाट खीर पायजे, त्याशिवाय उतरत नाही. म्हटलं, बाळाला नको तर नको, बाळाच्या मायला देऊ. तुझ्या पोटात जाऊन त्याच्याच पोटात जाते ना."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर खाल्ली असतीस?"

नसती खाल्ली. डब्याचं म्हटल्यावर वाटी भिंतीवर फेकली असती. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"तुम्ही टाकला म्हणालात. खोटं बोललात," मी म्हटलं. हरायला आलेलं माणूस जे हाताला लागेल ते उचलतं.

"बोलली खोटं," त्या म्हणाल्या. "मग एक दिवस चमचा घालाले गेली तर आत रेघ. तवाच समजलं तू काय पाहून राहिली ते. विचारशील म्हणून वाट पाहिली. तू दुसरी रेघ मारली."

त्यांना पहिल्या रेघेपासून माहीत होतं.

"म्हणून शेजारणीला बोलावलं," त्या मेथीच्या काड्या बाजूला करत म्हणाल्या. "तू न्हाणीत गेली की घरात मी आणि बाळ, दोघंच. उद्या तू म्हणशील, पाजलं. मी म्हणीन, नाही पाजलं. कोण खरं? म्हटलं, एक माणूस बसलेलं असू दे. त्या दिवसापासून त्याला एक तर तुझ्या, नाही तर तिच्या डोळ्यासमोरच घेतलं मी. एकटीनं नाही घेतलं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. तक्रारही नव्हती त्यात, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसं सांगितलं. सव्वा महिना संपायला तीन दिवस राहिले होते. पहिला नातू, आणि त्याच्याबरोबर एकटं बसायला त्यांना त्या दिवसानंतर पाच मिनिटं मिळाली नव्हती. मी दिली नव्हती. मला लाज वाटली. "चुकलं माझं" एवढंच म्हटलं. त्या "असू दे" म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

मी बाळाला पाजलं. पोट भरून पाजलं, आणि यावेळी मला त्यात कसलीही शंका नव्हती. मग सासूबाईंच्या हातातली मेथी काढून घेतली, त्यांना आतल्या खोलीत पलंगावर बसवलं आणि बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. सकाळी आम्ही घरी नव्हतो म्हणून शेजारीण आत्ता विणकाम घेऊन अंगणाच्या फाटकाशी आली होती. तिला खिडकीतून हाताने सांगितलं, आज नको. मी खोलीतून बाहेर आले आणि मागे दार ओढून घेतलं.

तिथून मी निघून जायला हवं होतं. पण खरं सांगते, सवय वाईट, पाय हलले नाहीत. मी दाराशी कान देऊन उभी राहिले. आतून काहीच आवाज नाही. ना अंगाई, ना लाडाचं बोलणं. मग सासूबाई बोलल्या, पण बाळाशी नाही.

"सूनबाई, तिथंच आहेस ना? दार उघडं राहू दे."

मी दार उघडलं.